टेप थांबवली की मॅच थांबते

सिंगापूर
१५ नोव्हेंबर २०१५

प्रिय मनोहर,

सोबत दोन डिस्क आहेत. प्लांटमधला विक्रांत सुट्टीवर पुण्याला चाललाय, त्याच्या गळ्यात मारल्या. तू इथून परत गेल्यावर आम्ही हा फ्लॅट घेतला, त्यात सरकारी नियमाप्रमाणे जाड भिंतींची एक बॉम्ब शेल्टरची खोली आहे. सगळे करतात तसं आम्हीही तिथे अडगळ भरलीय. मीनल सध्या रजेवर आहे. बसून कंटाळली म्हणून तिने ती खोली आवरायला काढली, तर मागे दोन खोकी निघाली. आपल्या टेप. मी रात्रपाळीला असताना मीनल शनिवारची मॅच रेकॉर्ड करून ठेवायची आणि रविवारी तू सकाळीच येऊन टपकायचास, त्या सगळ्या.

अवनीने एक दुकान शोधून त्या डिस्कवर उतरवून घेतल्या. इथल्या पोरांच्या त्या 'लाह'सकट म्हणाली, "बाबा, सगळं ऑनलाइन असतं लाह, हे कशाला?" ती रॅफल्स प्लेसच्या बँकेत काम करते, जे ऑनलाइन नाही ते तिच्या लेखी नाहीच.

नियम जुनाच. सोबतच्या पत्रात निकाल सांगायचा नाही. त्या मॅच तुला आठवत असल्या तरी आठवत नाहीत असं समज. व्हॉट्सअ‍ॅपवर तू येत नाहीस ते एका परीने बरंच आहे. परवा मी बसमध्ये फोन उघडला आणि रात्रीची मॅच बघायच्या आधीच प्लांटमधल्या प्रबोधने ग्रुपवर निकाल टाकून ठेवला होता.

बाकी विशेष नाही. मीनलचं पोट दुखतंय बरेच दिवस, म्हणून रजा. तपासण्या झाल्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलावलंय. रिपोर्ट आला की कळवतो. सविताला नमस्कार.

तुझा
संजीव


पुणे
६ डिसेंबर २०१५

प्रिय संजीव,

डिस्क पोचल्या, त्याच संध्याकाळी बघायला बसलो. सविता म्हणाली, वीस वर्षांपूर्वीची मॅच बघताना तुम्ही एवढे पुढे सरकून का बसलाय? मी म्हटलं, निकाल माहीत नाहीये ना.

आणि मग तेच. आमचा आर्सेनलचा माणूस डावीकडून चेंडू घेऊन निघालाय, तुमच्या वेस्ट हॅमचे दोघे मागे पडलेत, आणि एकदम पडदा हलतो. कोपऱ्यात आकडा बदललेला, चेंडू मध्यावर, आमचा गोल गायब. दुसऱ्या डिस्कमध्येही तेच. मीनलचं दूध बरं आमच्याच गोलच्या वेळी उतू जातं. मला तर तेव्हापासून संशय आहे की हे तुझेच उद्योग आहेत. तू सकाळी मी यायच्या आत गोल कापायचास आणि नाव बिचाऱ्या मीनलवर घालायचास.

गणपतीत सगळ्यांसमोर तू तिची नक्कल करायचास ते आठवलं. "दूध बघायला उठले, म्हणून टेप थांबवली. तुमची मॅच पुढे जायला नको." टेप थांबवली की तिकडे इंग्लंडात मॅच थांबते असं वाटणारी चार्टर्ड अकाउंटंट. ती पण हसायची सगळ्यांबरोबर. तिला सांग, मनोहर अजून भरपाई मागतोय.

त्याआधी तर किती वेगळं होतं रे. पाठीवर एक ते अकरा आकडे, नाव नाही. जानेवारीत मैदान म्हणजे नांगरलेलं शेत. गोलकीपरकडे चेंडू मागे द्यायचा आणि त्याने तो हातात घेऊन फिरत बसायचं, ते बंद झालं तेव्हा आपण किती हळहळलो होतो. आता ती हिरवळ गालिच्यासारखी दिसते आणि खेळणारे नुकतेच न्हाऊन आल्यासारखे. आमच्या कॉलेजातली पोरं इंग्लिश क्लबांचे शर्ट घालून येतात. त्यांना विचारलं, ते गाव इंग्लंडात नेमकं कुठे आहे, तर एकालाही सांगता आलं नाही. आपल्याला तरी कुठे माहीत होतं म्हणा. पण आपण नकाशा काढून बघितला होता.

रिपोर्टचं काय झालं? लगेच लिही.

तुझा
मनोहर


सिंगापूर
१० जानेवारी २०१६

प्रिय मनोहर,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. आणखी तीन डिस्क पाठवतोय. तू म्हणतोस तसं काही नाही, मी कधी टेपला हात लावला नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसात तेवढा दम नसतो. दूधच ते.

यंदा आमचं अप्टन पार्क मैदान संपतंय. एकशेबारा वर्षं तिथे खेळले, आता पुढच्या सीझनपासून ऑलिंपिकच्या स्टेडियममध्ये जाणार. जुन्या जागी फ्लॅट होणार. तुमच्या हायबरीचे आधीच झालेत. इंग्लंडातल्या आठवणी सगळ्या शेवटी बिल्डरच्याच घशात जाणार असं दिसतंय.

पूर्वी सगळ्या मॅच शनिवारी एकाच वेळी सुरू व्हायच्या. आता शुक्रवार म्हणू नको, सोमवार म्हणू नको. दुपारी पावणेएकची मॅच तिकडे ठेवतात ती आपल्यासारख्यांना इकडे जेवताना बघता यावी म्हणून. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मधोमध, मोठा पडदा आहे, मी तिथे बघतो. शेजारच्या टेबलावरचे एक चिनी आजोबा साठ सालापासून इंग्लिश फुटबॉल बघतायत. ते काही बोलत नाहीत, गोल झाला की फक्त चमचा खाली ठेवतात. मला त्यांची सोबत आवडते. तिथे बसलं की कुणी काही विचारत नाही.

मी सध्या प्लांटवर रोज जात नाही, थोडी रजा घेतलीय. जुरोंग आयलंडला आपण आधी लाँचने जायचो, मग पूल झाला आणि कंपनीची बस आली. लाँचमध्ये वारा तरी लागायचा. बसमध्ये काचा बंद असतात.

मीनल ठीक. झोपली आहे आत्ता.

तुझा
संजीव


पुणे
२ फेब्रुवारी २०१६

प्रिय संजीव,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रिपोर्टबद्दल एक अक्षर नाही. पहिल्यांदा मी घाबरलो. मग म्हटलं, या माणसाने सबंध पान अप्टन पार्कवर लिहिलंय, म्हणजे रिपोर्ट चांगला आला असणार आणि हा कळवायला विसरला असणार. घरात काही बरंवाईट असतं तर याला कसलं फुटबॉल सुचलं असतं? सवितालाही हेच पटलं. तिने दगडूशेठला नारळ दिला.

तुला ते रेडिओवर निकाल वाचणारे गृहस्थ आठवतात? माझ्या घरी, शॉर्टवेव्हवर. पहिल्या संघाचे गोल सांगून दुसऱ्याचं नाव घेताना त्यांचा आवाज असा वरखाली व्हायचा की आकडा यायच्या आत आपल्याला कळायचं, कोण हरलं. आपण त्यावर पैजा लावायचो. ऐंशी सालची कप फायनलही त्याच रेडिओवर ऐकली. तुम्ही आम्हाला एक-शून्य हरवलंत आणि तू माझ्या आईसमोर पाटावर उभा राहून नाचलास. त्या दिवसापासून तू वेस्ट हॅमचा झालास आणि त्यानंतर चांगलं असं काही तुझ्या वाट्याला आलं नाही. तेव्हाच सांगितलं होतं, आर्सेनल धर.

मीनलला म्हणावं, बरी झालीस की या दोघं. मेमध्ये इथेच बघू तुमची शेवटची मॅच. दूध मी तापवीन.

तुझा
मनोहर


सिंगापूर
६ मार्च २०१६

मनोहरभावजी,

माझं अक्षर बघून आश्चर्य वाटलं असेल. तुमचं पत्र संजीवने वाचून टेबलावर ठेवलं होतं, ते मी वाचलं. सविताने नारळ दिला हे वाचल्यावर मात्र गप्प बसणं बरं दिसेना.

रिपोर्ट नोव्हेंबरातच आला. स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती लिव्हरपर्यंत गेली आहे. ऑपरेशन होण्यासारखं नाही. औषध चालू आहे ते थोडा वेळ मिळावा म्हणून. पावसाळ्यापर्यंत म्हणाले होते डॉक्टर, म्हणजे तुमच्याकडचा पावसाळा हे मी मनातल्या मनात धरलं, इथे काय बारा महिने पाऊस.

मला सुरुवातीला फार राग आला, मग भीती वाटली, आता दोन्ही नाही. थकवा असतो. काळजी वाटते ती संजीवची. त्याने हे कुणालाच सांगितलेलं नाही, पुण्यात त्याच्या बहिणीलाही नाही. डॉक्टर बोलत असताना तो कागदावर सगळं उतरवून घेतो, घरी येऊन गोळ्यांचे डबे लावतो, आणि मग खाली जाऊन मॅच बघतो. रडला नाही अजून. अवनी त्याच्यावर चिडली, "बाबा, तुम्हाला काही वाटतच नाही का?" म्हणाली. तो म्हणाला, निकाल लागेपर्यंत बोलू नये. मला हसू आलं खरं. तुमच्या दोघांच्या त्या नियमाने त्याला जन्माची खोड लागलीय.

तो आधीपासूनच तसा आहे. त्याला हरलेलं बघवत नाही. हरला हे कळलेलं चालतं, हरताना बघवत नाही.

म्हणून एक मागणं आहे. मी तुम्हाला सांगितलं हे त्याला कळू देऊ नका. धीर देणारं पत्र तर अजिबात लिहू नका, तो उत्तर देणार नाही आणि मग तेवढंही बंद होईल. फुटबॉलबद्दल लिहा. भांडा त्याच्याशी. तुमचं पत्र आलं की तो मला मोठ्याने वाचून दाखवतो आणि तेवढा वेळ त्याचा आवाज पहिल्यासारखा असतो.

माझ्या दुधाची गंमत तुम्ही अजून विसरला नाहीत. विसरूही नका.

सविताला मी सांगेन तेव्हाच सांगा असं म्हणत नाही. तिला सांगा. तिने नारळ दिलाय.

मीनल


पुणे
१७ एप्रिल २०१६

प्रिय संजीव,

बरेच दिवस लिहिलं नाही, गुडघा दुखत होता. गुडघ्याने पत्र लिहीत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण दुसरं कारण सापडत नाही.

लेस्टर पहिल्या नंबरावर आहे, बघतोयस ना? गेल्या वर्षी तळाशी होते. तुझं वेस्ट हॅमही यंदा बरं खेळतंय, आणि आमचं आर्सेनल नेहमीप्रमाणे मार्चमध्ये झोपलं. पैसा आला, परदेशी मालक आले, सगळं ठरल्यासारखं झालं असं आपण म्हणत होतो, आणि हे कुठलं लेस्टर मध्येच उगवलं. माझं म्हणणं, ते शेवटी हरणार. तू उलट लिही, म्हणजे भांडता येईल.

आमच्या हायबरीची शेवटची मॅच दोन हजार सहा सालच्या मे महिन्यात झाली. तुला कधी सांगितलं नाही. मी ती एकट्याने बघितली. सविता माहेरी गेली होती, मुद्दाम फोन काढून ठेवला. जिंकलो आम्ही. लोक रडत होते, मैदानातली माती खिशात घालून नेत होते. मी बसून होतो. मला काही वाटेना. उठून भांडी घासली. स्वतःचीच लाज वाटली, एवढी वर्षं जीव टाकला आणि आता काहीच कसं वाटत नाही. मग जुलैत कधीतरी मंडईत भेंडी निवडत होतो, आणि एकदम त्या मैदानातलं ते जुनं घड्याळ आठवलं. भाजीवाली विचारत राहिली, काका काय झालं. मी डोळे पुसले आणि अर्धा किलो भेंडी घेतली. पण त्या दिवशी बरं वाटलं.

हे उगाच लिहिलं. हायबरीचा विषय निघाला म्हणून.

आणखी डिस्क पाठव. त्यातल्या दुधाच्या जागांसकट पाठव. मीनलला हे पत्र वाचून दाखव, आणि सांग, मनोहर विचारत होता.

तुझा
मनोहर


सिंगापूर
२४ जुलै २०१६

प्रिय मनोहर,

अवनीने तुला फोन केला होता तेव्हाच सगळं कळलंय, म्हणून परत लिहीत नाही. तू नंतर फोन केलास. मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक हवेबद्दल बोललो.

मे महिन्यातलं मला नीट काही आठवत नाही. अमुक दिवशी हॉस्पिटलमध्ये नेलं इथपर्यंत आहे. मग इथल्या मंडाईच्या स्मशानभूमीतला एसी आहे, फार गार होता, शेजारच्या सुरेखाताईंनी स्वतःची शाल मला दिली. मधलं नाही. मी तिथेच बसून होतो म्हणतात, तिचा हात धरून. अवनी म्हणते म्हणजे असणार.

मी परत कामावर जातो. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवतात. सांत्वन करावं लागेल म्हणून कुणी बोलत नाही आणि मला ते बरंच वाटतं. घरी येतो, भात लावतो, भांडी घासतो. तुझ्या भेंडीची वाट बघतोय. अजून काही झालं नाही. मला काही वाटत नाही आणि त्याची भीती वाटते, तेवढी एकच गोष्ट वाटते.

संध्याकाळी करायला काही नाही म्हणून उरलेल्या सगळ्या टेप बघितल्या. एकामागून एक, दोन्ही खोकी. आता तुला एक सांगायचं आहे, नीट वाच.

आम्ही केलेला एकही गोल कापलेला नाही. एकसुद्धा. आमच्यावर झालेले गोल मात्र जवळजवळ सगळे गेलेत. आर्सेनलचेच नाहीत, सगळ्यांचे. दूध फक्त आम्ही गोल खाल्ला की उतू जायचं.

मी इंजिनिअर माणूस. एवढी वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही. दूध बघायला उठून टेप थांबवली तर गोल चुकेल एखादा. पण दर वेळी गोलच्या आधी टेप थांबवायची तर गोल होणार हे आधी कळायला हवं. म्हणजे ती मॅच बघत बसायची. गोल झाला की टेप मागे घ्यायची आणि पुढचा खेळ त्यावर रेकॉर्ड करायची. गोल पुसायची. रात्री अकरा-बाराला, आठवडाभराच्या ऑफिसने दमलेली असताना, तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना. आकडा तिला पुसता यायचा नाही. म्हणून मी पाळीवरून येऊन बघायचो तेव्हा हरलेलो असायचो, पण गोल होताना बघावं लागायचं नाही.

आणि वर मी चारचौघांत तिची नक्कल केली. टेप थांबवली की मॅच थांबते. ती हसायची. तिने एकदाही खरं सांगितलं नाही. खरं सांगितलं असतं तर पुढच्या शनिवारी मी बघितलं नसतं, हे तिला माहीत होतं. आणि इथे दूध कार्टनमध्ये येतं रे मनोहर, ते तापवावंही लागत नाही. विरजणापुरतं कोमट केलं की झालं.

हे कळलं तेव्हाही मला रडू आलं नाही. टेप मागे घेतली आणि ती जागा परत बघितली. कितीतरी वेळा बघितली.

आता एक काम आहे. अप्टन पार्कची शेवटची मॅच इथे टीव्हीच्या बॉक्समध्ये आहे. हॉस्पिटलमधून तिने अवनीला बजावून रेकॉर्ड करायला लावली. मी बघितलेली नाही. निकाल माहीत नाही. पेपर उघडला नाही, ग्रुप बंद केलाय, खाली हॉकर सेंटरला गेलो नाही. ती मॅच मला बघायची आहे, कारण तिने ठेवलीय. पण यात आमच्यावर झालेले गोलही असणार. ते कापायला आता कुणी नाही.

म्हणून आपला नियम मोडतोय. निकाल सांग. काय झालं, कधी झालं, सगळं आधी सांग.

संजीव


पुणे
८ ऑगस्ट २०१६

प्रिय संजीव,

तीन-दोन. तुम्ही जिंकलात.

सुरुवातीलाच तुमचा गोल आहे, तो बघ. मध्यंतरापर्यंत निर्धास्त बस. उत्तरार्ध सुरू झाला की पाचएक मिनिटांत त्यांचा पहिला आहे, म्हणून मध्यंतर संपताच उठ. स्वयंपाकघरात जा, पातेल्यात दूध ओत आणि गॅसवर ठेव. कार्टनमधलं असलं तरी ठेव. टीव्ही चालू राहू दे. साय धरायला लागली की बाहेर ये.

सत्तर मिनिटं झाली की परत जा. त्यांचा दुसरा तेव्हा आहे. या वेळी मोठ्या आचेवर ठेव आणि उतू जाऊ दे. ओटा पुसून होईपर्यंत तुमचा दुसरा यायची वेळ होईल. बाहेर येऊन बस. तो आणि त्यानंतरचा, दोन्ही बघ.

मनोहर